एकशे अडुसष्ट नंबरची चौकट

टप्.

फ्रिजला चिकटवलेलं चुंबकाचं वांगं आपोआप खाली पडलं. ते अधूनमधून असं पडतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण दुपारी दोन ते साडेतीन हा आमच्या घरातला अत्यंत नाजूक काळ असतो. त्या दीड तासात आमची चार वर्षांची कादंबरी, म्हणजे कादू, झोपलेली असते आणि मी माणसांत येते. पंखासुद्धा मी दोनवर ठेवते, कारण तीनवर तो कुरकुरतो. अशा शांततेत ते वांगं पडलं आणि मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघत राहिले. कादूने कूस बदलली, एक पाय भिंतीवर टेकवला आणि पुन्हा झोपली. झोपेत तिचा वरचा ओठ थोडा पुढे येतो, जणू काही कुणाला तरी 'बघते तुला' म्हणतेय. मी पाच मिनिटं तो ओठच बघत बसले. हा वेळ माझ्या कामाच्या तासांत धरावा की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

मग लॅपटॉपकडे वळले, तर कीर्ती मॅडमचा मेसेज येऊन पडलेला.

"मनिषा, आलेख बघितला. कुंदनची होडी कुठे आहे?"

मी आलेख उघडला. कुंदनची होडी जागच्या जागी होती. तेरा आठवडे, तेरा चौकटी, एकीपुढे एक अशा शहाण्या मुलींसारख्या उभ्या. मी लिहिलं, "आहे की मॅडम." त्यावर मॅडमनी त्यांच्या स्क्रीनचा फोटो पाठवला.

तो बघून माझ्या हातातला चहा थंड झाला. किलवरच्या जागी एकमेकांत अडकलेले दोन गळ होते. बदामाच्या जागी वर्तुळात बसवलेला इंग्रजी सी. इस्पिकच्या जागी एक मुंगीएवढा ए, त्याच्या पायाखाली रेघ. आणि चौकटीच्या जागी दोन ठिपके. ठिपके म्हणजे केवढे? माशी बसावी आणि तिने लगेच विचार बदलावा, एवढे.

आता पत्ते कुठून आले, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आमच्या सुमतीकाकूंसारखा गैरसमज करून घ्याल.

करंजा बंदरातल्या चार होड्यांच्या मासळीचा हा अभ्यास, कीर्ती मॅडमच्या संस्थेचा. तीन होड्या नेहमीचं जाळं वापरणार आणि एक होडी मोठ्या भोकांचं, म्हणजे पिल्लं निसटून जातील आणि मोठी मासळीच हाती लागेल असं. दर आठवड्याला विकण्याजोगी मासळी किती किलो निघाली, ते मोजायचं. मोजायचं जनीने, कारण बंदरात सगळ्यांत चोख मापाची बाई तीच. आणि मोठ्या भोकांचं जाळं घ्यायला चौघांतून तयार झाला तो जनीचा नवरा, कुंदन. पहिल्या दिवसापासून तो सगळ्या बंदराच्या थट्टेचा विषय झाला. "कुंदन, जाळं हाय का खिडकी?" "मासं चा पिऊन जातात का रं तुज्या जाल्यातनं?" तेरा आठवडे त्या माणसाने हे ऐकलं. उत्तर एकच देत होता, "आलेख येवं दे."

म्हणजे माझा आलेख. कादू झाल्यावर साडेतीन वर्षांनी हातात आलेलं माझं पहिलं काम, आणि त्याच्यावर एका माणसाची इज्जत टांगलेली.

होड्यांची नावं आलेखावर घालायची नाहीत, ही अट मच्छीमारांचीच. कुणाला कुठे किती लागलं, हे बंदरात कुणी कुणाला सांगत नाही. मॅडम म्हणाल्या, मग अ, ब, क, ड लिहू. तर 'अ' कोण होणार, यावर अर्धा तास वाद झाला आणि 'ड' व्हायला कुणीच तयार होईना. पावसाळ्यातली बंदी चालू होती, होड्या काठावर चढवलेल्या, आणि मंडळी ताडपत्रीखाली पत्ते खेळत बसलेली. बोलणी तिथेच झाली. सोसायटीचे चेअरमन दादू, वय वर्षं बहात्तर, यांनी हातातले पत्ते खाली टाकले आणि निकाल दिला, "एकेक रंग घ्या नि गप बसा." स्वतः इस्पिक घेतलं. भावेशने बदाम उचलला. किलवर तिसऱ्या होडीला गेलं. चौकट राहिली ती कुंदनची. त्या दिवसापासून वहीत, फळीवर, डब्यांवर सगळीकडे हीच चिन्हं. मॅडम हौसेने म्हणाल्या, आलेखातही हीच येऊ देत. मीही हौसेने म्हटलं, सोप्पं आहे.

सोप्पं आहे, हे दोन शब्द मी यापुढे फक्त शिऱ्याच्या कृतीसाठी वापरणार आहे.

संध्याकाळी माझा नवरा सत्यजीत द्रोणागिरीच्या गोदामातून घरी आला. तो कंटेनरचा माणूस. कुठलीही वस्तू नीट बंद केली की जगात कुठेही सुखरूप पोचते, यावर त्याचा विश्वास आहे. मी सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "पीडीएफ कर."

"पीडीएफच आहे."

"मग परत पीडीएफ कर."

हे त्याचं प्रेम आहे, हे मला कळतं. फक्त ते फार आटोपशीर आहे.

वरच्या मजल्यावरच्या मितेशकडे ते महागडं, चंदेरी मशीन आहे. तो जाहिरातींची चित्रं करतो आणि कंप्युटरबद्दल बोलताना आवाज खाली आणतो. त्याने माझी फाईल उघडली. तिथे गळही नव्हते नि ठिपकेही नव्हते. बावन्नच्या बावन्न जागी रिकामी खोकी.

"क्लीन दिसतंय," मितेश म्हणाला.

"मितेश, यात सगळ्या होड्या सारख्याच दिसतायत."

"मिनिमल आहे, वहिनी."

मग पुढच्या तीन दुपारी मी शोध घेतला. कादू झोपली की मी वाचायला बसायची. कादू उठली की एका हाताने तिला दूध द्यायची आणि दुसऱ्या हाताने परदेशातल्या दाढीवाल्या तज्ज्ञांची भांडणं वाचायची. त्यातून जे कळलं ते असं. आलेखाच्या प्रोग्रामला चौकट म्हणजे चौकट हे माहीतच नसतं. तो नुसता सांगतो, "चिन्हांच्या फाँटातलं एकशे अडुसष्ट नंबरचं अक्षर काढ." आता चिन्हांचा फाँट म्हणजे नक्की कुठला, हे मी सांगितलं नाही तर ज्याची त्याची ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. आणि या सिस्टिमींची घराणी निरनिराळी. माझी साधी, मॅडमची फुकट मिळणारी, मितेशची महाग. माझ्याकडे एकशे अडुसष्ट नंबरला चौकट राहते. मॅडमकडे चिन्हांचा फाँट सापडला नाही, म्हणून मशीनने साध्या अक्षरांचा फाँट घेतला, आणि तिथे त्याच नंबरला दोन ठिपके राहतात.

हे वाचल्यावर मला एकदम आपलं वाटलं. कारण खांदा कॉलनीत आम्ही हेच भोगतो. नुसता प्लॉट नंबर सांगितला आणि सेक्टर सांगायचा राहिला, की आपली साबुदाण्याची खिचडी दुसऱ्या सेक्टरमधल्या त्याच नंबरच्या घरी जाते. ती माणसं खातातही. दोष खिचडीचा नसतो.

म्हणजे उपाय हाच, की प्रोग्रामला सेक्टर सांगायचा. अमुक फाँटच घे, असं नाव घेऊन बजावायचं. पण फुकट घराण्याच्या मशीनवर कुठला फाँट असतो, हे त्या मशीनसमोर बसल्याशिवाय कळणार कसं? मॅडमची संस्था मुंबईच्या दुसऱ्या टोकाला. कादूला काखेत मारून तिथे जाणं मला सात जन्मांत जमणारं नव्हतं.

आणि मला आठवलं, आमच्या इमारतीच्या ऑफिसातला कंप्युटर! आमचे सेक्रेटरी हरेशभाऊ काटकसरी. फुकट ते पौष्टिक, हे त्यांचं धोरण. तेव्हा सिस्टिमही फुकट घराण्याचीच.

मी खाली गेले आणि म्हटलं, "हरेशभाऊ, दहा मिनिटं कंप्युटर हवा होता."

हरेशभाऊंनी चष्मा कपाळावर नेला. "लेखी अर्ज द्या. विषय स्पष्ट लिहा. आपल्याकडे तोंडी काही चालत नाही. तोंडी चाललं असतं तर गच्चीचा प्रश्न कधीच सुटला असता."

मी आज्ञाधारकपणे अर्ज लिहिला. विषय स्पष्ट लिहिला. विषय : सोसायटीच्या संगणकावर बदाम, चौकट, किलवर व इस्पिक तपासण्याबाबत.

मागे वळून बघता, हे वाक्य थोडं वेगळं लिहिता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. संध्याकाळी सूचनाफलकावर नोटीस लागली. सोसायटीच्या आवारात पत्त्यांचे खेळ, प्रत्यक्ष अथवा ऑनलाईन, निषिद्ध आहेत. खाली शिक्का. आणि साडेसात वाजता समोरच्या सुमतीकाकू वाटीभर खोबऱ्याची वडी घेऊन आल्या. काकू शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण तपासणी सुटलेली नाही. त्यांनी दार लोटलं, माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं,

"किती हरलीस?"

"काय?"

"माझ्यापासून लपवू नकोस, मनिषा. मी सत्यजीतला एका शब्दाने बोलणार नाही. दुपारी दोन ते साडेतीन तुझ्या घरातून आवाज येत नाही, हे मी कधीपासून बघतेय. म्हटलं, पोर झोपवून ही करते काय?"

"काकू, मी आलेख काढते! मासळीचा!"

"अगं, आधी मासळीच असते. मग त्यातूनच..." काकूंनी डोळे पुसले. त्यातूनच काय, ते आजतागायत मला समजलेलं नाही.

नऊ वाजता साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. त्यांनी हवापाणी विचारलं, कादूला विचारलं, आणि मग एकदम म्हणाल्या, "मनिषा, मन कशात तरी गुंतवावं. भरतकाम का नाही करत?" सत्यजीत शेजारी बसून वडी खात होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने फोन घेतला आणि ठणकावून सांगितलं, "आई, ती जुगार खेळत नाही, फक्त पत्ते नीट दिसतायत का बघतेय." एवढं बोलून तो माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघायला लागला.

समितीने अर्ज मंजूर केला, पण तीन सदस्यांच्या उपस्थितीत, अशी अट घालून. शनिवारी अकरा वाजता मी कादूला मांडीवर घेऊन सोसायटीच्या कंप्युटरसमोर बसले. मागे हरेशभाऊ, पहिल्या मजल्यावरचे आजोबा, आणि साक्षीदार म्हणून सुमतीकाकू. पासवर्ड 'पाणीपुरवठा' नावाच्या फायलीत होता. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला की कादूने आजोबांना स्वतःचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव आणि बाबा घोरतो हे सांगून टाकलं.

आलेख उघडला. ठिपके!

"आले! ठिपके आले!" मी आनंदाने ओरडले. आजार सापडल्यावर डॉक्टरला होतो तसला निर्मळ आनंद. कादूने टाळ्या वाजवल्या. मागे तिघेही गंभीर झाले.

"लक्षणं आहेत," काकू पुटपुटल्या.

मग मी त्या मशीनमधले सगळे फाँट एकेक करून बघितले. नवव्याच्या पोटात चिन्हं सापडली. मी त्याचं नाव प्रोग्राममध्ये लिहिलं, पुन्हा आलेख काढला, आणि पडद्यावर चौकटी उगवल्या. टोकदार, ठसठशीत, तेराच्या तेरा. आजोबा पुढे वाकले. "ही वर चढत गेलेली कोण?" मी सांगितलं, करंजाचा एक माणूस आहे, त्याला सगळे हसतात. आजोबांनी शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता नाही हसणार."

मला तिथेच रडू यायला लागलं. झोप पुरी न झालेल्या बाईला कशानेही रडू येतं, त्याला फार अर्थ नसतो.

त्या दिवसापासून इमारतीच्या पाणीवापराचा आलेख मीच काढते. चिन्ह : बादली. आग्रह हरेशभाऊंचा.

मी प्रोग्राममधली ती फाँटच्या नावाची ओळ मॅडमना पाठवली, त्यांच्याकडे चौकटी उमटल्या, त्यांचा अंगठा आला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण सगळ्या बंदरासमोर आलेख दाखवायचा तर तो मोठा हवा, म्हणून सहा बाय चारचा फ्लेक्स छापायचा ठरला. मी पनवेलच्या फ्लेक्सवाल्याला माझ्या मशीनवरचं चित्र पाठवलं. तासाभरात त्याचा फोन. "मॅडम, एवढा मोठा केला की फोटो फाटतोय. ओरिजिनल फाईल टाका ना." मी पीडीएफ टाकली. माझ्या मशीनवर दहादा उघडून बघितलेली, निर्दोष पीडीएफ. सत्यजीत मागून म्हणाला, "बघ, शेवटी पीडीएफच."

आता त्या पीडीएफबद्दल थोडं सांगते. काही पाहुणे मुक्कामाला येताना टॉवेल आणत नाहीत. टॉवेल काय, प्रत्येक घरात असतोच, असा त्यांचा हिशेब. माझ्या प्रोग्रामचाही तोच हिशेब होता. चिन्हांचा फाँट जगात प्रत्येकाकडे असतोच, तो बरोबर कशाला न्यायचा? त्याने फाईलमध्ये फक्त नंबर बांधून दिले आणि फाँट घरीच ठेवला. बरोबर घेऊन जा, असं वेगळं सांगावं लागतं. ते मला माहीत नव्हतं. आणि फ्लेक्सवाल्याच्या घरी टॉवेल नव्हता.

फ्लेक्स गुंडाळीतच सत्यजीतने उचलला, गुंडाळीतच गाडीत टाकला, आणि डिसेंबरच्या त्या रविवारी आम्ही करंजाला पोचलो तेव्हाही तो गुंडाळीतच होता. वस्तू नीट बंद असली की सुखरूप पोचते.

लिलावाची शेड धुऊन ठेवली होती. पन्नास-साठ माणसं जमलेली, बायका एका बाजूला उलट्या टपांवर बसलेल्या. कीर्ती मॅडम आधीच येऊन चहा घेत होत्या. जनी हिरव्या लुगड्यात, गजरा माळून, लग्नाला आल्यासारखी. तिने कादूला माझ्याकडून काढून घेतलं आणि गालाला हात लावून म्हणाली, "आज बग बाय, तुज्या आयनं आमाला काय आनलाय." कुंदन मागे खांबाला टेकून उभा. धुतलेला सदरा, हाताची घडी. माझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली.

दोघांनी दोरी ओढली. फ्लेक्स उलगडला.

सहा फूट रुंदीच्या पांढऱ्याशुभ्र पटावर एकमेकांत अडकलेले गळ, वर्तुळातले सी, आणि पायाखाली रेघ असलेले ए. ठिपके तर मागच्या रांगेतून दिसतच नव्हते.

मग जनी पुढे आली, नाक फ्लेक्सला लागेल इतकी पुढे आली.

"ताय, आमची होडी कुटं हाय?"

"जनीताई, ती... हे बघा, हे दोन ठिपके आहेत ना..."

"ह्ये? ह्ये त माश्यांनी केलाय."

मागून भावेशचा आवाज आला. "मी बोललो व्हतो! त्या खिडकीतनं मासं गेलं, आता होडीबी गेली!"

जी काय हसली माणसं! टपांवरच्या बाया पदर तोंडात घालून हसल्या. कुंदन हसला नाही, चिडला नाही. त्याने हाताची घडी सोडली, सदऱ्याच्या बाह्या खाली केल्या आणि बटणं लावायला लागला, घरी निघालेला माणूस लावतो तशी.

मी पुढे होऊन बोलायला लागले. प्रत्येक चिन्हाला नंबर असतो, नंबर फाँटात असतो, फाँट सिस्टिम ठरवते. तिसऱ्या वाक्याला मलाच मी समजेनाशी झाले. कादू जनीच्या कडेवरून मोठ्यांदा म्हणाली, "आई, तू चुकलीस का?"

"हो ग," मी म्हटलं.

मग दादू उठले. त्यांनी फ्लेक्सकडे पाठ केली आणि मला विचारलं, "बाय, आकडं हायत ना तुज्याकडं?"

"आहेत. सगळे आहेत."

"किती आठवडं मोजलं?"

"तेरा."

"एका रंगात पत्तं किती?"

सांगायला लाज वाटते, पण संख्याशास्त्रातली पदवी घेतलेल्या बाईला हे सहा महिन्यांत सुचलं नव्हतं. मॅडमनाही नव्हतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. चार होड्या, तेरा आठवडे. एक्का म्हणजे पहिला आठवडा, राजा म्हणजे तेरावा. एक अख्खा कॅट!

"ताडपत्रीखालचा कॅट आना रं," दादू म्हणाले.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यभर विसरणार नाही. धुतलेल्या फरशीवर एक दोर आडवा टाकला, तो आठवड्यांचा. एक उभा, तो वजनाचा. दर शंभर किलोला एक वीत, वीत दादूंची. मी लॅपटॉपवरून आकडे वाचायचे आणि लिलाव पुकारणारा माणूस ते आपल्या खर्जात पुकारायचा, "किलवर दुर्री, तीन वीत नि वर चार बोटं!" की दोघंतिघं वाकून पत्ता ठेवायचे. खाडीचा वारा होता, पत्ते उडायला लागले, तर बायकांनी प्रत्येक पत्त्यावर बर्फाचा खडा ठेवला. बर्फ वाहायचं काम कादूने आपणहून घेतलं. एकेक खडा दोन्ही हातांत धरून, 'थंड थंड थंड' असं म्हणत ती पळत होती, आणि येणाराजाणारा प्रत्येकजण तिला वाट देत होता.

भांडणंही झाली. भावेशचं म्हणणं, त्याचा पंजा एक बोट खाली ठेवला. पुन्हा मोजलं. एक बोट वर ठेवला. जनी म्हणाली, "घे, आनखी एक घे, भाऊबीजेची वोवाळनी समज."

चौकटीचे पहिले सहा पत्ते खाली-खालीच पडले. कुणीतरी खाकरलं. कुंदनची बटणं गळ्यापर्यंत आली होती.

"चौकट सत्ती!" पुकारणारा ओरडला.

सत्ती नव्हती. कॅटमधून कधीच हरवलेली. होता तो जोकर. तो ठेवायला घेतला तसा भावेश पुन्हा पेटला, "बराबर हाय! कुंदनच्या जागी जोकर!"

आणि कुंदन पहिल्यांदा बोलला. खांब सोडून पुढे आला, जोकर हातात घेतला, आकडा मला पुन्हा वाचायला लावला, स्वतः विती मोजल्या आणि भावेशच्या बदामाच्या सत्तीच्या अडीच वीत वर तो ठेवला.

"जोकर कुटंबी चालतो," तो म्हणाला. "खेलतोस ना? मग ध्यानात ठेव."

आता हसू दुसऱ्या बाजूने आलं. तिथून पुढे अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, सगळ्या वरच. राजा ठेवायला जनी स्वतः आली. लुगडं सावरून खाली बसली, बर्फाचा खडा ठेवला आणि क्षणभर पत्त्यावर हात तसाच राहू दिला.

दादू त्या बावन्न पत्त्यांभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. "असा कसा रं? भोकं मोटी, मासं सुटलं, नि वजन वर?"

"पयलं सहा आठवडं जाल्याची सवय नवती," कुंदन म्हणाला. "मंग कळला. तुमी बारकं निवडीत बसता दोन-दोन तास. माज्याकडं बारकं येतच नाय. तवर माजं दुसऱ्यांदा जालं पान्यात असतं."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बंदरात तशी पद्धत नसावी. पण दादू म्हणाले, "पुडल्या मोसमाला मी घेतो तसला जालं. आनखी कोन?" पाच हात वर झाले. सहावा हात भावेशचा, अर्धा, कान खाजवल्यासारखा. मॅडम टपावर उभ्या राहून फोटो काढत होत्या. अहवालात आकृती क्रमांक एक म्हणून तोच फोटो गेला. फाँट लागला नाही. उन्हाळ्यात त्यांचं पुढचं काम सुरू होतंय, ते त्यांनी तिथेच मला दिलं. जनीने मला पापलेटं बांधून दिली, आणि कुंदनने तो फ्लेक्स मागून घेतला. होडीवर झाकायला चांगला म्हणाला, जाड आहे.

परतीच्या वाटेवर सत्यजीत गाडी चालवत होता. मी मागे बसले होते, कादू माझ्या मांडीवर. तिच्या फ्रॉकला मासळीचा वास, हात बर्फाने लालसर. मी ते माझ्या हातांत धरून ऊब देत होते आणि मनाशी म्हणत होते, चार वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. झोपेल आता, असं वाटलं. वरचा ओठ पुढे आला होता. पण डोळे उघडेच.

"आई, कुंदनकाकांच्या जाळ्यातून छोटे मासे बाहेर गेले ना?"

"हो राणी."

"त्यांच्या आईकडे?"

"हो. मोठं व्हायला."

"मग मोठे झाले की काका त्यांना धरणार?"

सत्यजीतने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं.

खाडीवरचा पूल गेला, मिठागरं गेली. मग माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"हे त्यांच्या आईला माहीत आहे?"